वाटाड्याचा परवाना
फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे गळाला कृत्रिम माशी लावून केलेल्या मासेमारीच्या, वाटाड्याचा पेशा केवळ गळ टाकण्याच्या कसबातून उभा राहिला नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात तो रेल्वेने आणि सरकारी नोंदणीने घडवला. १८९७ मध्ये तिथे वाटाड्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना मिळाला. मासे त्या उत्तम पकडत, पण नाव झालं ते ‘फ्लाय रॉड’ या टोपणनावाने लिहिलेल्या वृत्तपत्री सदरामुळे. शहरी गिऱ्हाईक आणायला रेल्वेलाही अशी लेखणी हवीच होती. कोणी म्हणेल, पेनॉब्स्कॉट आदिवासी त्याआधीच पाहुण्यांना नद्या दाखवत होते. १८५७ मध्ये लेखक थोरोला त्यांच्यातल्याच जो पॉलिसने नेलं. खरंय, मूळ ज्ञान त्यांचंच आणि मजुरीही ते घेत. मात्र नोंदणीनंतर पिढीजात ओळखीच्या पाण्यावर पाहुणा न्यायलाही कागद लागू लागला.