ज्यूरीच्या बाकावरचा खाडा

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, की कधीतरी पोस्टाने कोर्टाचं समन्स येतं: अमुक दिवशी ज्यूरी ड्यूटीला हजर राहा. ऑफिसात काय सांगायचं, ही पहिली काळजी. समन्स दाखवायचं, बस. ज्यूरीला गेला म्हणून नोकरीवरून काढणं किंवा तशी धमकी देणं बेकायदा आहे. पण हे संरक्षण अगदी अलीकडचं आहे. ज्यूरी शतकानुशतकं चालत आली. तिच्यावर बसणाऱ्याच्या पोटापाण्याचा विचार कायद्याने फार उशिरा केला.

जुन्या इंग्लंडमध्ये तर निकाल देईपर्यंत ज्यूरीला उपाशी ठेवण्याची रीत होती. 1670 साली लंडनच्या ओल्ड बेलीत विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर पंथीयांवर खटला चालला. बारा जणांची ज्यूरी त्यांना दोषी ठरवेना, तेव्हा तिला अन्न, पाणी, शेकोटी, तंबाखू यांतलं काहीही न देता कोंडलं गेलं. तरीही ते बधले नाहीत. मग दंड झाला, आणि दंड न भरणारे तुरुंगात गेले. त्यांच्यातल्या एडवर्ड बुशेलने दाद मागितली आणि निकालाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही, असं न्यायमूर्ती जॉन व्हॉन यांनी ठरवून दिलं. त्या बारा जणांच्या धैर्याची पाटी ओल्ड बेलीत आजही आहे.

न्यायाधीशाच्या धाकातून ज्यूरर असा सुटला. मालकाच्या धाकाचा प्रश्न मात्र तेव्हा निघालाच नाही, कारण बाकावर मालमत्तावालेच बसत. ब्रिटनमध्ये बुडालेल्या कमाईची भरपाई 1949 च्या कायद्याने आली आणि मालमत्तेची अट तर 1972 च्या कायद्याने गेली. आपल्याकडेही याहून वेगळं नव्हतं. 1908 साली मुंबईत टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरर होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. टिळकांसाठी सहा दिवस गिरण्या बंद ठेवणाऱ्या कामगारांपैकी कुणी त्या बाकावर बसण्याचा प्रश्नच नव्हता.

कामगाराला ज्यूरीच्या बाकावर हक्काने जागा कशी मिळाली, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेतला 'थील विरुद्ध सदर्न पॅसिफिक कंपनी' हा खटला पाहावा लागतो. एका प्रवाशाने धावत्या आगगाडीच्या खिडकीतून उडी मारली. आपलं मन ठिकाणावर नाही हे रेल्वेच्या माणसांना कळत होतं. मुळात त्यांनी आपल्याला गाडीत घ्यायला नको होतं आणि घेतलं तर लक्ष ठेवायला हवं होतं, असं म्हणत त्याने भरपाई मागितली. खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात आला. ज्यूरीच्या यादीत मालकांच्या नजरेने बघणारेच भरलेत, अशी हरकत त्याने घेतली. यादी कशी बनते ते मग साक्षीतून बाहेर आलं. कोर्टाचा कारकून शहराची डिरेक्टरी चाळायचा. नावापुढे 'गोदी कामगार' असं दिसलं, की ते नाव तो उतरवूनच घ्यायचा नाही. हा माणूस रोज 10 डॉलर कमावतो, ज्यूरीचे मिळणार 4. कोर्टात येऊन तो परवडत नाही म्हणणार आणि न्यायाधीश त्याला घरी पाठवणार. मग आधीच कशाला नाव घाला?

कारकुनाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्याला गोदी कामगाराची अडचणच दिसत होती. मला याचीच जास्त चीड येते. दया दाखवून एक अख्खा वर्ग न्यायदानातून वगळला गेला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. 1946 साली सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या बाजूचा निकाल रद्द केला. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांनी लिहिलं ते असं: ज्याला खरोखर झेपत नाही त्याला न्यायाधीशाने खुशाल मोकळं करावं, पण रोजंदारीवरच्या सगळ्यांना सरसकट गाळता येणार नाही. हेच मर्फी 1937 साली मिशिगनचे गव्हर्नर होते. जनरल मोटर्सच्या फ्लिंटमधल्या कारखान्यांत ठाण मांडून बसलेल्या संपकऱ्यांवर सैनिक घालायला त्यांनी नकार दिला होता.

यादीचं दार उघडलं, पण खाड्याचं काय? 1968 च्या कायद्याने फेडरल ज्यूररची निवड सोडतीने होऊ लागली. म्हणजे आता कुणाचंही नाव निघणार. त्याच्या नोकरीची हमी देणारा फेडरल कायदा यायला 1978 उजाडावं लागलं. ज्यूरीच्या कारणाने कायम नोकरदाराला काढायचं नाही, काढण्याची धमकी द्यायची नाही, दबाव आणायचा नाही. काढलंच तर बुडालेला पगार द्या, ज्येष्ठतेला धक्का न लावता परत कामावर घ्या, वर दंड भरा. दंडाची मर्यादा आधी 1,000 डॉलर होती, आता 5,000 आहे. दाव्यात तथ्य दिसलं तर नोकरदाराला वकीलही कोर्टच देतं, ही मला या कायद्यातली सर्वांत माणुसकीची तरतूद वाटते. राज्यांच्या कोर्टांसाठी राज्यांचे आपापले कायदे आहेत.

दोन भोकं मात्र राहिली. फेडरल कायद्यात शब्द 'कायम नोकरदार' असा आहे, त्यामुळे हंगामी कामगाराला त्याचा आधार नाही. आणि त्या दिवसांचा पगार मालकाने द्यावा, असं हा कायदा म्हणत नाही. अलाबामाने मात्र तशी सक्ती केली होती: ज्यूरीचा भत्ता वजा करून उरलेला पगार मालकाने द्यायचा. एका वृत्तपत्र कंपनीने त्याला आव्हान दिलं, पण 1973 साली सुप्रीम कोर्टाने राज्याचा कायदा उचलून धरला. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या तीन दिवसांचा पगार मालक देतो आणि पुढे राज्य रोजचे 50 डॉलर देतं. ओझं असं वाटून घेणं मला सर्वांत न्याय्य वाटतं.

कॅलिफोर्नियात राज्याच्या कोर्टात ज्यूररला पहिल्या दिवसाचं काहीच मिळत नाही, दुसऱ्या दिवसापासून रोजचे 15 डॉलर मिळतात. एवढ्यात घर कसं चालणार? म्हणून 2022 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने फौजदारी खटल्यांवर बसणाऱ्या कमी उत्पन्नाच्या ज्यूररना रोज 100 डॉलर देण्याचा प्रयोग सुरू केला.