इकडील सर्व क्षेम

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला वीस मिनिटे आधी पोहोचावे आणि नुसते ऐकत बसावे. गाडी लावायला जागा मिळाली नाही, सालिकच्या फाटकाखालून उगाच दोनदा जावे लागले, एसीचे बिल भलतेच आले, हापूसच्या पेटीत चार आंबे डागाळलेले निघाले. मग त्याच दमात दुसरी बाजू : आज सकाळी बाल्कनीत गार वारा होता, करामात अळूची ताजी पाने आली आहेत, शेजारच्या अरब आजोबांनी खजूर पाठवले. पडदा वर जातो, गप्पा थांबतात आणि वृत्तांतात लिहिले जाते ते फक्त पडदा वर गेल्यानंतरचे.

माझी तक्रार आहे ती याच गोष्टीबद्दल. आखातातल्या आपल्या लोकांचा इतिहास आपण मोठमोठ्या घटनांचा म्हणून लिहितो. तेल सापडले, संयुक्त अमिराती स्थापन झाल्या, पूल झाले, मेट्रो आली. पण माणसे रोज बोलत होती ती पाण्याबद्दल, उकाड्याबद्दल आणि चहाबद्दल. या बोलण्यालाही इतिहास आहे आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही.

सुरुवात मुंबईपासूनच करायला हवी. १८२० साली या किनाऱ्यावरच्या शेखांशी इंग्रजांचा जो तह झाला, तो मुंबईहून आलेल्या आरमाराच्या जोरावर. पुढे १८७३ पर्यंत आखाताचा राजकीय कारभार मुंबई सरकारच्याच हाताखाली होता. येथले मोती विकायला मुंबईलाच जात. दुबईत पहिले टपाल कार्यालय उघडले ते १९ ऑगस्ट १९०९ रोजी, आणि ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे होते. पत्रावर तिकीट चिकटवायचे ते हिंदुस्थानचे. फाळणीनंतर काही महिने, म्हणजे मार्च १९४८ अखेरपर्यंत, येथे पाकिस्तानी टपालाचा कारभार होता. १ एप्रिल १९४८ पासून तो ब्रिटिश टपाल खात्याकडे गेला. तरीही ब्रिटिश तिकिटांवर किंमत छापलेली असे ती आण्यांत आणि रुपयांत.

नाणेही आपलेच होते. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारतातून बाहेर जाणाऱ्या रुपयांना आळा घालावा म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळा रुपया काढला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरमागे ४ रुपये ७६ पैसे हा भाव साडेसात रुपयांवर गेला. म्हणजे दिल्लीत घेतलेल्या एका निर्णयाने दुबईच्या दुकानदाराच्या गल्ल्यातला पैसा एका रात्रीत हलका झाला. त्याच वर्षी दुबईने कतारबरोबर रियाल स्वीकारला आणि अबू धाबीने बहरीनचा दिनार. आजचा दिरहम आला तो मे १९७३ मध्ये.

हे सारे कागदोपत्री नोंदलेले आहे. पण गंमत अशी की, रुपया व्यवहारातून गेला तरी बोलण्यातून गेला नाही. येथले जुने लोक कितीतरी वर्षे दिरहमलाही 'रुबिया'च म्हणत. पैशांना 'बैझात' म्हणतात त्यात आपला पैसा आहे. पंख्याला 'बांका', हातातल्या विजेरीला 'बिजली', लोणच्याला 'आचार', बटाट्याला 'आलू'. टॅक्सीवाल्याला सरळ जा म्हणायचे तर 'सीदा'. आणि अमिरातीभर ज्याच्यासाठी लोक गाडी थांबवून हॉर्न वाजवतात तो 'करक' चहा म्हणजे आपला कडक चहाच. यातला एकही शब्द तहाच्या मसुद्यात नाही. हे शब्द आले ते दुकानाच्या फळीवर, गलबतावर, स्वयंपाकघरात, 'आज काय उकडतंय' अशा बोलण्यातून. जे बोलणे कोणी लिहून ठेवले नाही, तेच भाषेत मुरून राहिले.

आता दुसरी बाजू. येथे आलेला माणूस येथल्या लोकांशी बोलत होता, पण आपल्या घराशी काय बोलत होता?

कोकणाला या प्रश्नाचा अनुभव आखाताच्या आधीपासून आहे. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डरचे काम हाती घेतले आणि मुंबईतल्या चाकरमान्याचा गावाशी संबंध त्या फॉर्मवर आला. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली, पण तिचे ते कूपन अनेकांना आठवत असेल. त्यावर संदेशासाठी चार बोटे जागा असायची. तेवढ्या जागेत गिरणीतल्या खोकल्याबद्दल किंवा खोलीतल्या ढेकणांबद्दल कोण लिहिणार? 'पैसे पाठवले आहेत, मिळाल्याचे कळवावे, प्रकृतीस जपावे,' एवढ्यात जागा संपे.

आखातातून एरोग्राम जाऊ लागला तेव्हा जागा थोडी वाढली, पण सवय तीच राहिली. मराठी पत्राला तर मायनाही पिढ्यानपिढ्या ठरलेला. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवत जाणे.' मजकूर सुरू होण्यापूर्वीच सर्व क्षेम असल्याचे जाहीर झालेले असते. त्यानंतर एसी बंद पडल्याची तक्रार कशी करणार? शेवटी 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' लिहून पत्र बंद. शिवाय गावात पत्र एकटी बायको वाचत नसे. ते चारचौघांत वाचले जाई, आणि दुबईला गेलेल्या माणसाने कुरकुर करावी हे शोभतही नसे.

येथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील १९८२ साली चिपळूणजवळच्या गावाहून दुबईला आले आणि १९९५ पर्यंत गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये होते. तेरा वर्षांची त्यांची पत्रे आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. बाबा गेल्यावर मी ती सगळी वाचली. खरे सांगायचे तर मला त्यांत बाबा सापडले नाहीत. रक्कम, तारीख, कोण सुटीवर येत आहे त्याचे नाव, आणि सर्व क्षेम. एखाद्या पत्राची तारीख झाकली तर ते १९८३ चे की १९९३ चे, हे सांगता येणार नाही.

पण पिशवीच्या तळाशी कॅसेट होत्या. त्या काळात आखातातली पुष्कळ माणसे टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट गावी जाणाऱ्याच्या हाती देत. केरळात तर दुबईच्या पत्रांवरची गाणी १९७० च्या दशकात घरोघर वाजत होती. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. चार ओळींत सगळे क्षेम सांगून झाले तरी एकोणतीस मिनिटे उरतात, आणि मग माणसाला बोलावेच लागते.

बाबा काय बोलले असतील? ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की गार पाण्यासाठी गीझर बंद ठेवून त्याच्यातले पाणी वापरावे लागते. म्हणजे येथे गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम! खोलीतला मलबारी सोबती तारल्या खोबरेल तेलात तळतो, पहिले सहा महिने वास सहन होत नव्हता, आता त्याच्याच ताटात जेवतो. शर्ट वाळत घातला की वीस मिनिटांत कडक. शारजाला मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला त्या शुक्रवारी, १८ एप्रिल १९८६ ला, वर्कशॉपमधले पाकिस्तानी सोबती मिठाई घेऊन आले आणि ती खावी की न खावी यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी खाल्ली. आणि दर कॅसेटमध्ये एक ठरलेली कुरकुर : बस. बस उशिरा येते, बसमध्ये उभे राहावे लागते, बसचा एसी चालत नाही.

१९८८ सालच्या एका कॅसेटमध्ये तारल्या होत्या, पाणी होते, पण बस नव्हती. मी आठ वर्षांचा होतो, मला काही जाणवले नाही. आईने ती बाजू दोनदा ऐकली आणि म्हणाली, "हे चालत जातायत." पुढे सुटीवर आल्यावर बाबांनी कबूल केले. त्या वर्षी चार महिने पगार झाला नव्हता. घरी पाठवलेली रक्कम त्यांनी उसनवारी करून भरली होती, आणि बसचे पैसे वाचवायला ते पाऊण तास पायी जात होते. त्या चार महिन्यांच्या पत्रांत लिहिले होते, इकडील सर्व क्षेम.

मोठे दुःख त्यांनी लपवले होते आणि ते नीट लपलेही होते. उघडे पडले ते एक लहानसे गाऱ्हाणे गायब झाल्यामुळे.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली एका लेखात या प्रकारच्या बोलण्याचा विचार केला. हवापाण्याबद्दल बोलणे, जे समोरच्याला दिसतेच आहे तेच त्याला सांगणे, यात माहिती काहीच नसते. तरी माणसे ते बोलतात, कारण त्याने माणसांमाणसांत बंध तयार होतो. त्याने त्याला 'फॅटिक कम्युनियन' असे नाव दिले. आमच्या संगणकाच्या धंद्यात हीच गोष्ट आम्ही यंत्रांना शिकवतो. दोन यंत्रे जोडलेली असली आणि सांगण्यासारखे काही नसले, तरी ठरावीक वेळाने एक यंत्र दुसऱ्याला बारीकसा संदेश पाठवते. त्याला हार्टबीट म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की मी आहे. असे ठोके चुकले की दुसरे यंत्र समजते, काहीतरी बिघडले आहे. मी हे नोकरीत शिकलो तेव्हा वाटले, हे आईला शिकवायची गरज नव्हती.

मग टेलिफोन आला. येथे एतिसलात १९७६ साली स्थापन झाली, आणि तिकडे ऐंशीच्या दशकात गावोगाव पिवळ्या पाट्यांची एसटीडी-आयएसडी बूथ उघडू लागली. आवाज थेट ऐकू येऊ लागला, पण मिनिटामिनिटाला पैसे. काटा पळतो आहे म्हटल्यावर माणूस पुन्हा मनीऑर्डरच्या कूपनावर आला. पैसे मिळाले का, अण्णांचे ऑपरेशन झाले का, ठेवतो. माझा अनुभव असा की फोन आल्यावर कॅसेट बंद झाल्या आणि आमच्या घरातले बोलणे वाढण्याऐवजी कमी झाले.

वेळेचीही अडचण होती. घड्याळात दीडच तासाचा फरक, पण सुटीचा वार वेगळा. येथे शुक्रवार, तेथे रविवार. २००६ साली येथली सरकारी सुटी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, तरी रविवारी आपण कामावरच. १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आली. त्या बदलाबद्दल व्यापार, बँका, शेअरबाजार यांच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. मला आठवतो तो पहिला रविवार. सकाळी दहाला आईला फोन लावला, तिकडे साडेअकरा वाजले होते, ती तांदूळ निवडत होती आणि मी चहा पीत होतो. कोणालाच कुठे जायचे नव्हते. पाऊण तास आम्ही शेजारणीच्या मांजराबद्दल बोललो.

आता बोलणे स्वस्त झाले आहे. १६ एप्रिल २०२४ ला येथे पाऊस कोसळला, ७५ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत मोठा, त्या दिवशी पहिल्या सरींबरोबर आपण सगळ्यांनी आनंदाने गावी चित्रे पाठवली, आणि संध्याकाळी गाड्या पाण्यात बुडाल्यावर तीच माणसे घाबरून फोन करू लागली. घरच्यांना आपला आनंद आणि आपली भीती दोन्ही त्याच दिवशी कळली. १९८८ साली हे शक्य नव्हते.

पण मनातला संकोच स्वस्ताईने जात नाही. सोनापूरच्या कामगार वस्तीतला मुलगा रात्री गावी बोलतो तेव्हा पडद्यावर चेहरा दिसतो, तरी तो पाठीमागची खोली दिसू नये म्हणून भिंतीला टेकून उभा राहतो. तोही 'सगळं ठीक' म्हणतो. आपणही म्हणतो. सुखवस्तू घरातला माणूस नोकरी गेल्याचे दोन-दोन महिने घरी सांगत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे.

कोकणात 'गाऱ्हाणे' या शब्दाचे दोन अर्थ अजून जिवंत आहेत. एक तक्रार, आणि दुसरे देवापुढे उभे राहून सगळ्यांच्या वतीने घातलेली हाक. गाऱ्हाणे घालणारा एकेक गोष्ट म्हणत जातो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. देव काही करो न करो, होय म्हणणारी माणसे भोवती असतात.

म्हणून मंडळातल्या तरुण मंडळींना एक विनंती आहे. ज्येष्ठांच्या मुलाखती घेता तेव्हा ते कधी आले आणि कुठल्या हुद्द्यावर होते, हे जरूर विचारा. पण त्याआधी त्यांना विचारा की त्यांच्या खोलीत पाणी कसे यायचे, बस किती वाजता यायची, कशाचा वास नकोसा व्हायचा आणि शुक्रवारी काय खायचे. टेप चालू ठेवा आणि तीस मिनिटे थांबा. आणि आज रात्री घरी फोन कराल तेव्हा 'सगळं ठीक' ऐकून फोन ठेवू नका. बस वेळेवर येते का, एवढे विचारा.