बेंगळूरची उपनगरी रेल्वे: मार्गांना फुलांची नावे मिळाली, गाडी मात्र आली नाही

तुमकुरू, म्हैसूर, होसूर, व्हाइटफील्ड, यलहंका अशा साऱ्या दिशांना बेंगळूरमधून लोहमार्ग जातात. तरीही तेथील नोकरदाराला मुंबईकराप्रमाणे हक्काची लोकल आजवर लाभलेली नाही. या मार्गांवर लांब पल्ल्याच्या गाड्यांना अग्रक्रम असतो. शहरांतर्गत गाडी त्यांना वाट देत बाजूला थांबते. दर काही मिनिटांनी गाडी सोडायची, तर स्वतंत्र रूळच हवेत. मुंबईत पहिली विद्युत लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली आणि पुढे उपनगरी वाहतुकीसाठी वेगळ्या मार्गिका वाढत गेल्या. बेंगळूरमध्ये तसे घडले नाही.

दक्षिण रेल्वेच्या पथकाने १९८३ मध्ये या शहरासाठी मेट्रो आणि उपनगरी गाड्या, दोन्ही सुचविल्या होत्या. त्यांपैकी मेट्रो २० ऑक्टोबर २०११ रोजी धावू लागली. उपनगरी रेल्वे मागे पडली, त्याचे कारण केवळ पैशाच्या टंचाईत शोधता येत नाही. रूळ आणि जमीन रेल्वेची, तर प्रवासी आणि त्यांची गाऱ्हाणी राज्याची. रेल्वेच्या लेखी हे शहराचे काम, राज्याच्या लेखी रेल्वेचे. मेट्रोला स्वतःचे महामंडळ आणि स्वतःची जागा होती. लोकलला दीर्घकाळ कोणी धनीच नव्हता.

२०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे १६० किलोमीटरच्या जाळ्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने १४८ किलोमीटर लांबीच्या चार मार्गांना मंजुरी दिली. अपेक्षित खर्च १५,७६७ कोटी रुपये. केंद्र व राज्य यांनी प्रत्येकी २० टक्के भार उचलावा आणि उरलेले ६० टक्के कर्जातून यावेत, अशी मांडणी होती. बांधकाम के-राइड या कंपनीकडे आले. तिच्यात कर्नाटक सरकारचा वाटा ५१ टक्के, रेल्वे मंत्रालयाचा ४९ टक्के. धनी मिळाला खरा, पण दोन घरचा.

मार्गांना फुलांची नावे आहेत. संपिगे म्हणजे चाफा: मुख्य स्थानक ते देवनहळ्ळी. मल्लिगे म्हणजे मोगरा: बैयप्पनहळ्ळी ते चिक्कबाणावर. पारिजात: केंगेरी ते व्हाइटफील्ड. कनक म्हणजे गोव्याची लाडकी अबोली: हीलळिगे ते राजानुकुंटे.

२० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. चाळीस वर्षे रखडलेले काम चाळीस महिन्यांत पूर्ण करण्याचा शब्द तेव्हा देण्यात आला. ती मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. त्याआधीच, जागा वेळेवर हाती न आल्याचे कारण देऊन मल्लिगे व कनक या मार्गांच्या मोठ्या कंत्राटांतून ठेकेदार बाहेर पडला होता. भूसंपादन पुरे होण्यापूर्वी कंत्राट देण्याची आपल्याकडील सवय येथेही महागात पडली.

विमानतळाला जोडणाऱ्या संपिगेची उपयुक्तता सर्वांना मान्य असूनही तिचे काम इतर मार्गांच्या मागेच राहिले. दरम्यान विमानतळाकडे मेट्रोचा मार्गही बांधला जात आहे. विमानतळाच्या हद्दीलगत जानेवारी २०२१ मध्ये रेल्वेचा एक छोटा थांबा सुरू झाला. तो जुन्याच मार्गावर असून तेथे मोजक्याच गाड्या थांबतात.