गोझोचा किल्ला

माल्टाच्या वायव्येस, मध्ये कोमिनोचा खडकाळ ठिपका ठेवून, भूमध्य समुद्रात गोझो नावाचे अवघे ६७ चौरस किलोमीटर विस्ताराचे एक बेट आहे. माल्टाहून निघालेली नौका घटकाभरात मजारच्या धक्क्याला लागते. पायऱ्यापायऱ्यांची शेते, दगडी गडग्यांवर माजलेला फड्या निवडुंग, उत्तर किनाऱ्यावर खडकात खोदलेली मिठागरे आणि प्रत्येक टेकाडावरचे एकेक भव्य चर्च पाहून धावत्या भेटीस आलेल्या प्रवाशाचा असा समज होतो की, येथील स्वस्थता अनादिकाळची असावी. मात्र बेटाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या किल्ल्यात तासभर हिंडले, आणि त्याचा इतिहास जवळ असला, की हा समज टिकत नाही.

प्राचीनत्वाविषयी वाद नाही. जगन्तियाची पाषाणमंदिरे इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमारास बांधावयास घेतली गेली, म्हणजे ती इजिप्तच्या पिरॅमिडांनाही वडील होत. काही शिळा पाच मीटरांहून लांब आहेत. सान्सुना नावाच्या राक्षसिणीने कडेवर मूल आणि डोक्यावर धोंडे घेऊन त्या वाहून आणल्या अशी लोककथा आहे, आणि त्या शिळा पाहिल्यावर कथाकारांना दोष देववत नाही. परंतु ही मंदिरे बांधणारे लोक कालौघात नाहीसे झाले. आजच्या गोझोकरांच्या स्मृतीत जी जखम आहे ती पुष्कळ अलीकडची आहे.

१५३० साली बादशहा पाचव्या चार्ल्सने ही बेटे सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांना जहागीर दिली, ती दरसाल एक ससाणा सिसिलीच्या सुभेदाराकडे पोचता करावा एवढ्या नाममात्र खंडणीवर. पण त्याच सनदेने उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीच्या संरक्षणाचे लोढणे त्यांच्या गळ्यात बांधले, आणि गोझोच्या जुनाट तटांची डागडुजी मागे पडली. १५५१ च्या जुलैत सिनान पाशा आणि नामांकित दर्यासारंग द्रागुत यांचे तुर्की आरमार प्रथम माल्टावर चालून गेले, आणि तेथील कोट सहजी हाती येत नाहीत असे पाहून गोझोकडे वळले. तट तोफांच्या युगापूर्वीचे, शिबंदी तुटपुंजी, आणि बेटावरची बहुतेक सारी रयत आसऱ्यासाठी आत कोंडलेली, अशा अवस्थेत थोड्याच दिवसांच्या भडिमारानंतर किल्लेदार गलातियान द सेसे याने तहाची बोलणी लावली. चाळीस प्रतिष्ठितांना मोकळे सोडावे असे ठरले असता पाशाने चाळीस जख्ख म्हातारे निवडून शब्द पाळल्याचा देखावा केला, ही कथा परंपरेने चालत आली आहे. तिच्यातला तपशील कसाही असो, पाच ते सहा हजार माणसे, म्हणजे जवळजवळ अख्खे बेट, किल्लेदारासकट गलबतांत भरून गुलामगिरीत नेले गेले, याविषयी मतभेद नाही. बेर्नार्दो द ओपुओ नावाच्या सिसिलियन सैनिकाने बायकोमुलींना गुलामीत जाऊ देण्यापेक्षा स्वहस्ते ठार केले आणि मग लढत प्राण दिला, असे सांगतात. किल्ल्यातील एका बोळाला त्याचे नाव आहे. त्याच आरमाराने पुढल्या महिन्यात त्रिपोलीही घेतले, तेव्हा ज्याच्यासाठी गोझो उघडे पडले ते ठाणेही गेले.

ओसाड झालेल्या शेतांवर पुढे माल्टातून आणि सिसिलीतून कुळे आली. खंडणी भरून सुटलेले काही थोडे बंदीवानही वर्षावर्षांनी परतले. तट नव्याने बांधावयास १५९९ उजाडावे लागले, आणि तोवर व त्यानंतरही सूर्यास्तापूर्वी प्रत्येकाने किल्ल्यात येऊन निजावे असा हुकूम होता. दिवसभर नांगर धरलेल्या माणसाने रोज संध्याकाळी मुलाबाळांसह टेकडी चढावी, हा क्रम १६३७ पर्यंत चालला. सिद्दीच्या धाडींच्या हकीकती वाचलेल्या कोकणी माणसाला ही दहशत निराळी समजावून सांगण्याची गरज पडू नये. मजारचा बुरूज १६०५ चा, श्लेंदीचा १६५० चा आणि द्वेराचा १६५२ चा. किनाऱ्यावर चौक्या बसू लागल्या तसतसे लोक खाली गावात उतरले आणि वरची घरे रिकामी पडली. त्यांच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही दिसतात.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण बेटावरील फलकांवर आक्रमणाचा एकाच बाजूचा पाढा वाचावयास मिळतो. हे धर्मयोद्धेही त्याच धंद्यात मुरलेले होते. त्यांच्या गलबतांची वल्ही मारणारे पुष्कळसे लोक धाडींत पकडलेले मुसलमान गुलाम असत, आणि व्हॅलेटा शहरात त्यांच्यासाठी खास बंदिशाळा होती. द्वेराच्या समुद्रातील एका कातळावर उगवणारी वनस्पती रक्तस्रावावर रामबाण मानून त्यांनी तिच्यावर मक्तेदारी बसविली, आणि १७४६ साली त्या कातळावर विनापरवाना जाण्यास बंदी घातली. वैद्यकाने पुढे त्या औषधाचा मुलाहिजा ठेवला नाही.

धर्मयोद्ध्यांची सत्ता १७९८ च्या जूनमध्ये नेपोलियनने संपविली आणि गुलामांना मुक्त केले. परंतु फ्रेंचांनी देवळांतील सोन्याचांदीला हात घालताच बेटे उठली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गोझोतील फ्रेंच शिबंदी इंग्रजांपुढे शस्त्रे खाली ठेवून बाहेर पडली. इंग्रजांनी किल्ला लगोलग बेटवासीयांच्या हवाली केला. साव्हेरियो कासार नावाच्या धर्मगुरूने १८०१ पर्यंत तेथे राज्यकारभार पाहिला. निशाण सिसिलीच्या राजाचे होते, अंमल मात्र गोझोकरांचाच.