युद्ध, भूत आणि संथ लय

पूर्व आशियाई भयपटांच्या संथपणाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. एक तंत्राचे : उत्कंठा ताणली की भय वाढते. दुसरे संस्कृतीचे : पौर्वात्य कलादृष्टी मुळातच संथ असते. यांपैकी पहिले अपुरे आहे आणि दुसरे अनैतिहासिक. ज्या चित्रपटांत युद्ध आणि भय एकमेकांत मिसळतात, ते कालक्रमाने लावून पाहिले तर संथ लयीचे कार्य निराळेच असल्याचे दिसते. युद्धात मेलेल्यांचा शोक करण्यासाठी लागणारा कालावकाश ती निर्माण करते. मात्र एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : हा शोक कोणत्या मृतांचा, आणि कोणाचा शोक राहून जातो?

या परंपरेचा एक उगम साहित्यात आहे. उएदा आकिनारी यांचा ‘उगेत्सु मोनोगातारी’ हा नऊ कथांचा संग्रह १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका कथेत रेशीम विकण्यासाठी क्योतोला गेलेला नवरा युद्ध, वाटमारी आणि आजारपण यांमुळे सात वर्षे घरी परतू शकत नाही. परततो तेव्हा पत्नी मियागी वाट पाहत असते. सकाळी मात्र पडके घरच उरते. दुसऱ्या एका कथेतील मोहिनी सर्पयोनीतील आहे. तिचा युद्धाशी काही संबंध नाही.

केन्जी मिझोगुची यांनी १९५३ मध्ये या दोन कथा एकत्र गुंफून ‘उगेत्सु’ हा चित्रपट केला. त्यात त्यांनी केलेले दोन बदल अर्थपूर्ण आहेत. मोहिनी आता सर्पिणी राहत नाही. वाकासा ही ओदा नोबुनागाच्या सैन्याने नष्ट केलेल्या घराण्यातील मृत कन्या होते. म्हणजे चित्रपटातील दोन्ही भुते युद्धाचीच आहेत. दुसरा बदल नायकाचा. कुंभार गेन्जुरो युद्धामुळे आलेल्या तेजीत भांडी विकतो आणि अधिक पैशाच्या लोभाने पत्नी व मुलाला मागे ठेवून जातो. आकिनारींचा नायक परिस्थितीचा बळी होता. मिझोगुचींचा नायक युद्धाचा लाभार्थीही आहे. जपानवरील दोस्त राष्ट्रांचा ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला होता. युद्धकाळात, १९४१-४२ मध्ये, याच दिग्दर्शकाने शासनाच्या अपेक्षेनुसार ‘गेन्रोकु चुशिन्गुरा’ हा स्वामिनिष्ठेचा चित्रपट केला होता. हा संदर्भ ध्यानात घेतला की नायकातील बदल म्हणजे एक अप्रत्यक्ष कबुली वाटू लागते.

ही कबुली संवादांपेक्षा लयीतून अधिक व्यक्त होते. गेन्जुरो घरी परततो. घर अंधारे, चूल थंड. तो हाका मारत मागच्या दाराने बाहेर पडतो. कॅमेरा कोठेही न तुटता त्याच रिकाम्या खोलीवरून मागे वळतो, आणि तो पुढच्या दाराने आत येईपर्यंत मियागी पेटत्या चुलीपाशी बसलेली असते. उपाशी सैनिकांनी तिला मारल्याचे प्रेक्षक जाणतो, गेन्जुरो जाणत नाही. तो झोपी गेल्यावर ती रात्रभर शिवणटिपण करीत राहते. येथे दचकवणारे काहीही नाही. काळही छेदला जात नाही. मृत आणि जिवंत एकाच अखंड अवकाशात नांदतात. मराठीत सरलेला काळ आणि पिशाच या दोहोंना ‘भूत’ हा एकच शब्द आहे. या दृश्यात ते दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत.

भरताने रौद्रातून करुण आणि बीभत्सातून भयानक रसाची उत्पत्ती सांगितली. येथे भयानक स्वतःच करुणात विलीन होतो. प्रेक्षकाला भ्यायला नव्हे, तर ओळखायला वेळ दिला जातो.

कानेतो शिंदो यांच्या ‘ओनिबाबा’त (१९६४) असा विलय नाही. शिंदो मूळचे हिरोशिमा परिसरातील. १९४४ मध्ये ते नौदलात भरती झाले आणि त्यांच्या शंभर जणांच्या तुकडीतील सहाच वाचले. चौदाव्या शतकातील यादवीत, उंच गवतात लपून सासू आणि सून भरकटलेल्या सामुराईंना मारतात व त्यांची चिलखते धान्यासाठी विकतात. गवताच्या हलण्यावर कॅमेरा दीर्घकाळ रेंगाळतो. शेवटी सासूच्या चेहऱ्यावरचा राक्षसी मुखवटा फोडावा लागतो आणि खाली सोलवटलेला चेहरा दिसतो. शिंदो यांनीच त्याचा संबंध अणुबॉम्बग्रस्तांशी जोडला होता. ‘कुरोनेको’त (१९६८) सामुराईंनी अत्याचार करून मारलेल्या सासू-सुना सूडासाठी परततात, आणि त्यांना नष्ट करण्याचे काम घरच्याच मुलावर येते. वीराचा इतिहास येथे त्याने मागे सोडलेल्या स्त्रियांच्या बाजूने पाहिला जातो.

तथापि या थोर कलाकृतींची मर्यादाही त्यांच्या घाटातच आहे. मध्ययुगीन यादवीची कथा निवडली की मारणारा आणि मरणारा दोघेही जपानीच ठरतात. चीन आणि कोरियातील मृतांना कथानकात शिरायला दारच उरत नाही. शोक उत्कट आहे, पण तो घरचा आहे.

हे दार पुढे कोरियाने, स्वतःच्या अपराधाच्या संदर्भात, किलकिले केले. १९६४ ते १९७३ या काळात दक्षिण कोरियाने तीन लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनामला पाठविले. काँग सु-चांग यांच्या ‘आर-पॉइंट’मध्ये (२००४) एक तुकडी बेपत्ता सहकाऱ्यांच्या शोधात १९७२ मध्ये एका ओसाड ठाण्यावर जाते. रक्ताने हात माखलेल्यांना येथून परत जाता येणार नाही, असे तेथील शिलालेख सांगतो. पहिल्याच चकमकीत या सैनिकांनी एका व्हिएतनामी स्त्रीला मरणाच्या दारी सोडून दिलेले असते. येथे भूत परक्यांचे आहे; ही प्रगतीच. पण संथ प्रतीक्षेतून आपण ओळखू लागतो ते सैनिकांना. त्या स्त्रीला मियागीसारखे घर नाही, चूल नाही, शिवणटिपणाची रात्रही नाही. ती जवळजवळ मूकच राहते.

म्हणून युद्ध-भयपटाच्या समीक्षेने लयीचे कौतुक करून थांबू नये. तो वेळ कोणाच्या वाट्याला आला, हेही तिने मोजले पाहिजे.