परभणीच्या शिलाईयंत्राचे वंगण

निजामाच्या अमलात औरंगाबाद सुभ्याखाली असलेल्या परभणी जिल्ह्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग येऊन सेलू-मानवतच्या कापसाच्या पेठा दूरच्या बाजारांशी जोडल्या गेल्या. आणि पुढे सिंगरची, तसेच १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास घडू लागलेली उषाची काळी यंत्रे मुलुखातल्या शिंप्यांच्या ओट्यांवर रुळली, तेव्हा त्यांच्या सांध्यांना व दात्यांना तेल द्यावे की ग्रीस, हा प्रश्नही त्यांच्याबरोबरच आला.

तो सर्वस्वी नवा नव्हता. भार मोठा आणि गती मंद अशा बैलगाडीच्या आसाला एरंडेलासारखे दाट वंगणच मानवते, हे कुणब्याला पूर्वापार ठाऊक होते. शिलाईयंत्रात मात्र दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. सुईदांड्याच्या आणि मुख्य दांड्याच्या सांध्यांतील फट अत्यंत सूक्ष्म, गती शीघ्र. तेथे पातळ खनिज तेलच शिरते, ग्रीस दाराशीच अडते. याउलट हातमशीनच्या मुठीमागची दातेरी चाके एकमेकांवर दाबाने घसरत असल्यामुळे त्यांवरचे पातळ तेल निथळून कापडाला डाग पाडते; दात्यांच्या खाचांत टिकतो तो ग्रीसचा बेताचा लेपच. पायमशीनला चामडी पट्टा गती देतो, म्हणून बहुधा तेलाच्या बुधलीवरच तिचे भागते.

पुष्कळ यंत्रांचा खरा घात केला तो करडईच्या तेलाने. मराठवाड्याच्या काळ्या भुईतले हे रब्बीचे पीक स्वयंपाकघराचे भूषण खरे. परंतु या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के असते, ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि ज्या गुणामुळे ते रोगणाच्या कामी येते, तोच गुण यंत्राच्या मुळावर उठतो. घाण्याचे तेल घरात असता बाजारचे कशाला, या काटकसरीने ते सांध्यांत सोडले, की कालांतराने तांबूस चिकट थर बसून चाक हाताला दाद देईनासे होते. मग घासलेटचे थेंब सोडावेत, चाक हलके मागेपुढे करावे, उतरलेला गाळ फडक्याने टिपावा, आणि सांधा मोकळा होईपर्यंत हा क्रम धीराने चालू ठेवून, अखेरीस घासलेट पुसून मशीनचे तेल द्यावे.

ग्रीसची हानी निराळी. जुने न पुसता त्यावर नवे थापण्याची वहिवाट मला सर्वांत घातक वाटते, कारण कापसाचे तंतू आणि उन्हाळ्यातली धूळ त्यात कालवली गेली, की जे दाते राखण्यासाठी ते लावले, तेच दाते ते झिजवू लागते.