पाळीव सशाचा इतिहास आणि पोपची आज्ञा

ससेपालनाचा इतिहास सांगणाऱ्या अनेक पुस्तकांतून एक मजकूर वर्षानुवर्षे आढळतो. इ. स. ६०० च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने सशाची नवजात पिल्ले 'मासळी'त गणून ईस्टरपूर्व उपवासात ती खाण्यास परवानगी दिली. त्यामुळे फ्रान्समधील मठवासी ससे पाळू लागले व ससा माणसाळला, असे त्यात म्हटलेले असते.

२०१८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी या विधानाचे मूळ शोधले. पोपची अशी आज्ञाच नाही! आहे तो तूरचा बिशप ग्रेगरी या दुसऱ्याच ग्रेगरीने लिहिलेला फ्रँक लोकांचा इतिहास. चिल्पेरिक राजाचा रोकोलेन नावाचा सरदार आजारी असताना उपवासाच्या दिवसांत सशाची पिल्ले खात असे आणि पुढे मेला, एवढेच त्यात आहे. परवानगीचा शब्दही नाही. नामसाधर्म्यामुळे बिशपचा पोप झाला आणि पुढच्या लेखकांनी मूळ न पाहता तेच उतरवून घेतले.

वास्तविक ही पिल्ले खाण्याची चाल त्याहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी तिचा उल्लेख करतो. सशांनी पिके फस्त केल्यामुळे बालेआरिक बेटांतील लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितले, असेही तो लिहितो. माणसाळण्याची क्रिया कोणा एका वर्षी घडली नाही, ती दीर्घकाळ हळूहळू चालली, असा २०१८ च्या संशोधनाचा निष्कर्ष आहे.

याउलट सशासंबंधीच्या हदीसची सनद पाहावी. शुअबा, त्यांना हिशाम बिन जैद, त्यांना त्यांचे आजोबा हजरत अनस (रजि.), अशी ती साखळी आहे. मक्केजवळ मर्रुज्जहरान येथे लोकांनी ससा उठवला व पाठलाग करून ते थकले. हजरत अनस यांनी तो पकडला, हजरत अबू तल्हा (रजि.) यांनी जबह केला आणि मांड्यांचा भाग प्रेषितांकडे (स.) पाठवला. प्रेषितांनी तो स्वीकारला. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. सुन्नी फिकहमध्ये ससा हलाल ठरतो तो मुख्यतः याच आधारावर. इमामी शिया फिकहमध्ये मात्र तो निषिद्ध आहे, आणि तौरातच्या लेवीय ग्रंथातही.

हदीसमधील 'अर्नब' हा अरबस्तानातला रानससा होय. त्याची पिल्ले उघड्यावर, डोळे उघडे व अंगावर केस घेऊनच जन्मतात. खुराड्यात पाळला जाणारा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्ले आंधळी व उघडी असतात. मराठीत दोघांनाही 'ससा'च म्हणतात.